बाकी एक

एक लाख बेचाळीस हजार आठशे सत्तावन्न. हा आकडा मी असा कधी वाचत नाही, माझ्या तोंडातच तो तसा येत नाही. माझ्यासाठी तो एक, चार, दोन, आठ, पाच, सात असा आहे, आणि तो म्हणताना माझे पाय अजून एका जागी ठरत नाहीत. या वयात पाय ठरले पाहिजेत असं सून म्हणते, आणि तिचं खरं आहे. पण त्या आकड्यातली दोन मी आहे आणि मला माझी सात हवी आहे, एवढं साधं माझं दुखणं. गुडघ्यांचं त्यानंतर.

म्हातारीला चळ लागला असं म्हणायच्या आत पहिल्यापासून सांगते.

डिचोली आणि साखळीच्या मधे आमचं गाव. पोर्तुगीज जाऊन फार वर्षं झाली नव्हती. रस्त्यावरून दिवसभर खनिजाचे ट्रक जायचे आणि आई सकाळी पुसलेलं तुळशीवृंदावन दुपारपर्यंत तांबडं व्हायचं. ती रोज ट्रकवाल्यांना शिव्या घालायची आणि रोज पुसायची. त्यातल्याच एका ट्रकवाल्याचं बिऱ्हाड आमच्या मागच्या खोलीत भाड्यानं राहायला आलं. माणसं शिरोड्याकडची, म्हणजे तेरेखोल नदीच्या पलीकडची. नवरा, बायको आणि माझ्या वयाची एक मुलगी. ती माझ्याच वर्गात आली, माझ्याच बाकावर बसली आणि पहिल्याच दिवशी माझी अर्धी जागा खाऊन वर मलाच म्हणाली की जरा सरक.

आमच्या शाळेचे मास्तर घाटावरचे. गोवा मोकळा झाल्यावर जे मास्तर इकडे आले त्यांतले ते एक. माणूस चांगला, पण आम्हा पोरांना पावकी-निमकी येत नाही याचं त्यांना फार वाईट वाटायचं. एके दिवशी त्यांनी वर्गाला विचारलं, पाव म्हणजे किती? सगळा वर्ग एका सुरात म्हणाला, एक.

आता आमचं काय चुकलं सांगा. सकाळी पदेर सायकलवरून पाव घेऊन यायचा. आई सांगायची, चार पाव घे. तो चार द्यायचा. त्यातला एक पाव म्हणजे एकच, चांगला अख्खा, गरम. मास्तर म्हणाले, गाढवांनो, पाव म्हणजे चतकोर, चार पाव मिळून एक होतो. मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, मग पदेर आम्हाला फसवतो. वर्ग असा हसला की मास्तरांच्या हातातला खडू मोडला.

त्यांनी शिक्षा केली ती मात्र खाशी होती. म्हणाले, ठीक आहे, तुमचा पाव म्हणजे एक. आता हा एक पाव सात जणांत वाटा. दशांशात उत्तर काढा, आणि ज्याचा भागाकार संपेल त्यानं घरी जावं.

आम्ही पाट्या काढल्या. एकात सात जात नाहीत, शून्य घ्या. दहात सात एकदा, बाकी तीन. तिसात सात चोक अठ्ठावीस, बाकी दोन. विसात सात दुणे चौदा, बाकी सहा. साठात सात आठे छप्पन्न, बाकी चार. चाळिसात सात पंचे पस्तीस, बाकी पाच. पन्नासात सात सत्ते एकोणपन्नास, बाकी एक. आणि एकात सात जात नाहीत, शून्य घ्या. झालं, परत पहिल्यापासून. पाटी भरली की पुसायची आणि पुढं चालू. शाळा सुटल्याची घंटा झाली, दुसरे वर्ग आरडाओरडा करत गेले, आणि आम्ही आपले भागतोय. मास्तर खुर्चीत मांडी घालून पान लावत बसले होते. हा भाग कधी संपत नाही हे त्यांना चांगलं ठाऊक होतं.

माझ्या शेजारच्या नवीन मुलीनं मात्र दोन फेऱ्या करून पेन्सिल खाली ठेवली. मास्तरांनी विचारलं, संपला?

ती उभी राहिली आणि तिच्या मालवणीत म्हणाली, "नाय. हे आकडे फुगडी घालतत. फुगडी संपत नाय मास्तर, घालणारी दमतत."

मास्तरांनी पानाचा डबा मिटला आणि सगळ्यांना घरी सोडलं.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तिनं आम्हा मुलींना शाळेमागे गोल उभं केलं. पुढारीण होती ती एक झाली. मग चार, मग मी दोन, मग आठ, पाच, आणि शेवटी ती स्वतः सात. हात धरून आम्ही गोल फिरायला लागलो. आपापला आकडा जिनं तिनं ओरडायचा. सात झाली की ती विचारायची, "बाकी किती?" आणि आम्ही सगळ्या म्हणायचो, "एक!" बाकी एक उरली की परत एकीपासून सुरू. घंटा होईपर्यंत हेच चालायचं. शेणाचा सडा घातलेली ती जागा आम्ही पावसाळ्याआधीच उखडून टाकली.

त्या आकड्याच्या खोड्या तिनंच एकेक शोधून काढल्या, पाटीवर नाहीतर आमच्या मागच्या अंगणात कोळशानं. दोननं गुणलं तर दोन, आठ, पाच, सात, एक, चार. म्हणजे तीच फुगडी, तेच हात तसेच धरलेले, फक्त सुरुवात माझ्यापासून. तिनानं गुणलं तर चारपासून सुरुवात, चारानं गुणलं तर पाचपासून, पाचानं गुणलं तर तिच्यापासून, सहानं गुणलं तर आठपासून. कुणीही पुढं होवो, शेजारीण बदलत नाही. मग खेळात ते आलंच. कुणी "दोनपट" म्हणालं की मी सुरू करायचं, "पाचपट" म्हणालं की तिनं. आणि कुणी "सातपट" ओरडलं की सगळ्यांनी हात सोडून "नऊ" म्हणत धपकन खाली बसायचं, कारण सातानं गुणलं की सहाही जागी नऊच येतात. सगळ्या सारख्याच, कुणी कुणाची नाही. मला तो भाग आवडायचा नाही.

मला आवडायचा तो समोरासमोरचा भाग. गोलात एकीच्या समोर आठ येते, चारच्या समोर पाच आणि दोनच्या समोर सात. कुठलीही जोडी घ्या, बेरीज नऊ. अठरा, पंचेचाळीस, सत्तावीस, तिन्ही नवाच्या पाढ्यातले. त्या पाढ्यातला छत्तीस तेवढा आमच्यात नव्हता, कारण तीन आणि सहा त्या आकड्यात नाहीतच. ती म्हणायची, छत्तीसचा आकडाच नाही तर आपलं भांडण कसं होणार? आणि खरंच, चार आणि पाच या चुलत बहिणी सोडल्या तर कुणाचं झालं नाही. त्या दोघी समोरासमोर उभ्या राहून एकमेकींना वेडावायच्या, पण तो त्यांचा घरगुती प्रश्न होता.

दमल्यावर गोल मोडून आम्ही जोडीची फुगडी घालायचो. माझी जोडीदार ती. हातांची अढी घालायची, पायाला पाय लावायचा आणि मागे झुकायचं. जी झुकायला घाबरते तिची फुगडी रंगत नाही, आणि झुकायचं ते समोरचीच्या जिवावर. मी मुळात भागूबाई. विहिरीत डोकावायला भ्यायची, कुत्र्याला भ्यायची, मास्तरांना तर भ्यायचीच. पण तिच्या हातात हात असले की डोकं पार मागे टाकायची. आभाळ गरगरायचं आणि "फू फू" करणारं तिचं तोंड तेवढं मधोमध ठरलेलं दिसायचं. पुढं आयुष्यात मला बरंच काही मिळालं, तक्रार नाही. पण असं मागे झुकता आलं नाही परत.

चवथीला ती गावी जायची. ट्रकवाल्यांची सगळीच बिऱ्हाडं जायची, त्यांचा गणपती तिकडे. आमच्याकडे गणपतीच्या वर माटोळी बांधून व्हायची, फळं लटकायची, नेवऱ्यांचा, म्हणजे करंज्यांचा, वास घरभर, आणि माझं लक्ष मागच्या खोलीच्या कुलपाकडे. मुली फुगडीला बोलवायच्या, मी पोटात दुखतंय म्हणायची. आई म्हणायची, एवढं काय त्या पोरीत? नव्याचे नऊ दिवस. मला वाटायचं, बरोबरच आहे, दोन आणि सात नऊच.

सातवीच्या वर्षी जाताना ती बसजवळ थांबली. वडील वर सामान चढवत होते, आई हाका मारत होती. ती मला म्हणाली, "माझी जागा कोणाक दिव नको गो. मी येतंय."

मी म्हटलं, नाही देणार.

पावसात बंद असलेले ट्रक परत सुरू झाले, दिवाळी झाली, मागच्या खोलीचं कुलूप तसंच. मग एक दिवस तिचे वडील एकटेच आले, खोलीतलं राहिलेलं सामान बांधलं, आईच्या हातचा चहा घेतला. त्यांना गावाकडेच दुसरं काम मिळालं होतं. मी दाराआड उभी होते. विचारायचं होतं, ती कशी आहे, काही म्हणाली का. पण सांगितलं ना, भागूबाई. ते गेले आणि मी मागच्या अंगणात जाऊन कोळशानं लिहिलेले तिचे आकडे बघत बसले. पुढच्या पावसात तेही गेले.

शाळेत मुलींनी दुसरी सात आणली. बिचारी चांगली होती, फुगडीही छान घालायची. पण सातच्या जागी मी तिला घेतलं नाही. पुढारीण चिडली, म्हणाली, गेली ती साडेसाती, तिच्यापायी आमचा खेळ कशाला? मी म्हटलं, पाच जणींचा घाला. त्यांनी घातलाही, पण पाच आकड्यांची ती फुगडी पुढं सरकेना. एक आकडा काढला की तो आकडा तो आकडा राहत नाही, कशानंही गुणा. हळूहळू सगळ्या लंगडीकडे वळल्या.

माझं मन एका गोष्टीवर टेकलेलं होतं. भागाकारात सहा पायऱ्या झाल्या की बाकी परत एकच येते. जिथून निघालो तिथंच. चुकून कधी दुसरं काही आलं नाही, मी कितीदा करून पाहिला. आकडा फिरून येतो तर ती का नाही येणार, असा माझा हिशेब. पोरवयाचा हिशेब, पण मी तो सोडला नाही.

लग्न होऊन मी पेडण्यातल्या केरीला आले. स्थळ आलं तेव्हा मला समुद्राचा वारा सोसेल की नाही याची आईला काळजी होती. मी आत जाऊन हसले. केरीच्या धक्क्यावर उभं राहिलं की समोर तेरेखोलचा किल्ला, आणि त्याच्या पुढं रेडी, शिरोडा, तिचा मुलूख. मधे एक नदी तेवढी. नवरा त्याच नदीवर फेरीबोटीवर नोकरीला. दिवसभर माणसं अल्याड-पल्याड करायचा. पहिल्याच महिन्यात मी त्यांना सगळं सांगून टाकलं. वाटलं हसतील. हसलेच. पण नंतर पलीकडच्या बायका बोटीत चढल्या की हे विचारायला लागले, त्या गावची, या नावाची, वडील ट्रकवर होते, अशी कुणी माहीत आहे का?

उत्तर ठरलेलं. सासरचं नाव काय?

ते कुणाला ठाऊक. आमच्याकडे लग्नात मुलीचं नाव तांदळात नव्यानं लिहितात. आडनाव जातंच, पहिलं नावही जातं. माझंही गेलं. पाटीवर लिहायचे ते नाव आता मला कुणी हाक मारून म्हटलं तर मी मागे वळून बघीन की नाही, शंका आहे. मग ती कशी सापडावी? मी जिला शोधत होते ती त्या नावाची बाई जगात उरलीच नव्हती, आणि ती मला शोधत असली तर मीही नव्हते. दोघींचं न बदललेलं असं एकच होतं. पण बोटीत चढलेल्या बाईला, तुम्ही सात का हो, असं कसं विचारणार?

शिरोड्याच्या बाजारात मी दोनदा-तीनदा मीठ घ्यायच्या निमित्तानं गेले. मिठाची आमच्या घरी कमतरता नव्हती. तिच्या माहेरचं घर सापडलं, पण ते बंद होतं. भाऊ मुंबईला, म्हातारी माणसं गेलेली. शेजारणीला एवढंच आठवत होतं की मुलीला जवळच कुठं दिली. जवळ म्हणजे कुठं, तर हात असा सगळ्या डोंगरावरून फिरवला. यांनी परतीच्या बोटीत मला खायला चणे घेऊन दिले. एरवी थट्टा करायचे, सापडली का तुझी साडेसाती म्हणून. त्या दिवशी नाही केली.

मुलं झाली, त्यांना नवाचा पाढा शिकवताना सत्तावीसला मी अडायची. मुलगा विचारायचा, आई, तुला सत्तावीस येत नाही का? म्हटलं, येतो रे बाबा, तोच तेवढा येतो.

यंदा माझ्या दिराच्या लेकीचं लग्न नदीपलीकडे झालं. आमच्यात मुलीच्या पहिल्या चवथीला माहेरून ओझं जातं, फळं, नेवऱ्या, लाडू असं टोपली भरून. दीर-जाऊ आजारी, म्हणून ते पोचवायचं आमच्यावर आलं. हे आता निवृत्त, पण बोटीवर चढले की अजून दोर कुणी नीट बांधला नाही ते बघतात. पुतणीच्या घरी ओझं उतरवलं, गणपतीला हात जोडले, खाऊनपिऊन झालं. पुतणी म्हणाली, काकी, वाडीतले गणपती बघून येऊ. मी गुडघ्यांचं नाव सांगितलं. मग म्हटलं, चल, दोन घरं.

दुसऱ्या घराच्या खळ्यात, म्हणजे पुढच्या अंगणात, मुलींची फुगडी चालली होती. मी मांडवाच्या खांबाला टेकून उभी राहिले. त्या काय म्हणतात तिकडे माझं लक्षही नव्हतं. मग कानात काहीतरी अडकलं.

"एक!" "चार!" मग एक टाळी. मग "आठ!" "पाच!" "सात!"

मला वाटलं माझंच डोकं फिरलं. पण पुढच्या फेरीला परत तेच. एक, चार, टाळी, आठ, पाच, सात. पाच मुली होत्या. चार आणि आठ यांच्या मधे एका माणसाची जागा मोकळी सोडलेली, आणि त्या जागेची पाळी आली की टाळी. हात न धरता तशाच फिरत होत्या, मधल्या त्या भोकासकट. मी आयुष्यभर म्हणत आले की एक आकडा काढला तर हा आकडा उरत नाही. यांनी तो काढला नव्हता. जागा ठेवली होती.

मी खांब सोडून पुढं गेले. सात झालेली पोर आठ-नऊ वर्षांची असेल, दोन शेंड्या, घामानं भिजलेली. तिला विचारलं, बाय, मधली दोन कुठाय?

"दोन येवची आसा," ती म्हणाली, जणू दोन दुकानात गेली होती. "आजी सांगता, ती जागा कोणाक दिवची नाय."

पुतणी मागून विचारत होती, काकी, बसता का, पाणी आणू का? मी त्या पोरीला म्हटलं, तुझी आजी कुठं आहे? ती म्हणाली, घरात, गणपतीच्या दिव्यात तेल घालता. आणि माझ्याकडे नीट बघून तिनं विचारलं, तू कोण?

"दोन," मी म्हटलं.

पोर घरात पळाली. मी त्या मोकळ्या जागेत उभी राहिले, चार आणि आठच्या मधे. त्या दोघी पोरी माझ्याकडे बघून हसत होत्या, त्यांना मी म्हातारी खेळायला आले याची मजा वाटत होती. मनात आलं, ती नसेलच, दुसऱ्याच कुणाची आजी असेल, खेळ काय, कुठूनही कुठं जातो. आणि असली तर ती मला कशी ओळखणार? केस पांढरे, दात अर्धे, नाव दुसरं.

दारात एक बाई आली. जाड, पांढऱ्या केसांची, हातात तेलाची बुधली तशीच. चौकटीला धरून तिनं खळ्यात पाहिलं. पोरींकडे नाही, मोकळ्या जागेकडे. तोंड मला ओळखू आलं नाही, खरं सांगते. ती पायरी उतरली, दुसरी उतरली, आणि गोलाच्या पलीकडे बरोबर माझ्या समोर येऊन थांबली. बुधली तिनं नातीच्या हातात दिली.

"बाकी किती?" तिनं विचारलं.

"एक," मी म्हटलं.